बंदिशाळा आणि विद्याशाळा

मुंबईची हद्द मुलुंडला संपते आणि पुढचे स्टेशन ठाण्याचे येते. त्या ठाण्यातील जुन्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे. घाटकोपर-मुलुंडहून, तसेच अंधेरी-बोरिवलीहून रोज लाखो माणसे गाडीने ये-जा करतात; त्यांपैकी फारच थोड्यांना त्या किल्ल्याची किंवा त्यातील माणसांची आठवण होत असेल. आमच्या उपनगरांना स्वतःचा मध्यवर्ती तुरुंग नाही. पण म्हणून उपनगरांतील माणसे तुरुंगात नाहीत असे मात्र नव्हे. ती ठाण्यास असतात, आर्थर रोडला असतात, भायखळ्याला, कल्याणला आणि तळोज्याला असतात. आणि आज ना उद्या त्यांतील बहुतेक सारी याच चाळींत आणि याच वसाहतींत परत येतात. ती परत येतील तेव्हा कोण होऊन येतील, हा प्रश्न केवळ तुरुंगाधिकाऱ्यांचा नाही, तो शेजाऱ्यांचाही आहे. म्हणून तुरुंगातील माणसाच्या शिक्षणाचा, विशेषतः महाविद्यालयीन शिक्षणाचा इतिहास आम्ही आज विचारासाठी घेतला आहे.

या विषयाला महाराष्ट्रात आरंभ कोठून करावा, असे कोणी विचारील तर आम्ही डोंगरीचे नाव घेऊ. कोल्हापूरच्या महाराजांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी जे लेख लिहिले त्यांबद्दल १८८२ साली आगरकर आणि टिळक या दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. प्रत्यक्षात त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. दोघेही विद्यापीठाचे पदवीधर, दोघेही दोन वर्षांपूर्वी सुरू झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलचे शिक्षक. आगरकरांनी त्या दिवसांची हकीगत पुढे पुस्तकरूपाने लिहिली, आणि ‘हॅम्लेट’चे जे मराठी रूपांतर ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले त्याचेही काम त्यांनी त्या कोठडीत केले. ही हकीगत बहुतेकांना ठाऊक आहे. पण तिच्या पुढच्या भागाकडे जावे तितके लक्ष जात नाही. तुरुंगातून सुटून आलेल्या या माणसांनी आपल्या सहकाऱ्यांसह १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन महाविद्यालय उघडले. १८९२ मध्ये आगरकर त्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. शिक्षा भोगलेला माणूस महाविद्यालयाचा विद्यार्थी होऊ शकतो काय, असा प्रश्न आपण आज विचारतो. या महाराष्ट्रात तसा माणूस महाविद्यालयाचा संस्थापक आणि प्राचार्य होऊन गेला आहे.

येथे कोणी म्हणेल, की टिळक-आगरकरांचे उदाहरण साध्या गुन्हेगाराला लावणे हा अतिप्रसंग होय. हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. किंबहुना आमच्या विषयाचे मर्म त्यातच आहे. आपल्याकडील तुरुंगातील विद्येचा इतिहास हा बहुतांशी, जे आत जाण्यापूर्वीच विद्वान होते अशांचा इतिहास आहे. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेस गेले. तेथे त्यांना पुस्तके मिळाली; जर्मन आणि फ्रेंच या भाषांचा त्यांनी अभ्यास केला; आणि १९१०–११ च्या हिवाळ्यात, पाने मोजून दिलेल्या वह्यांत शिसपेनीने त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहून काढले. ते १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. पण त्याच काळातील ठाण्याकडे पाहा. १९ एप्रिल १९१० रोजी नाशिकच्या जॅक्सनवधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. कान्हेरे तेव्हा अवघ्या अठराएक वर्षांचा, शिकण्याच्या वयाचा मुलगा होता. आणि त्याच तुरुंगांतून, कोलू आणि चक्की यांवर, जे शेकडो निरक्षर कैदी दिवस काढीत होते त्यांच्या हाती पाटी देण्याचा विचार कोणाच्या मनाला शिवत नव्हता.

पदवी आणि शिक्षा यांचा संबंध त्या काळच्या सत्तेने कसा लावला होता, हेही पाहण्यासारखे आहे. सावरकर फर्ग्युसन महाविद्यालयातून बी. ए. झाले होते. जन्मठेप झाल्यावर मुंबई विद्यापीठाने १९११ मध्ये त्यांची ती पदवी काढून घेतली. म्हणजे माणसाने जे शिकून मिळविले तेही त्याचे स्वतःचे नव्हे, सरकारच्या मर्जीने ते त्याच्याकडे राहते, असा त्याचा अर्थ झाला. ती पदवी परत देण्यास १९६० साल उजाडावे लागले. दरम्यान अंदमानात या पदवी गेलेल्या कैद्याने इतर कैद्यांना अक्षरओळख करून देण्याची आणि ग्रंथसंग्रह उभा करण्याची खटपट चालविली. ‘माझी जन्मठेप’ या ग्रंथात तिचा वृत्तांत आहे. त्यांच्या राजकारणाविषयी ज्याचे जे मत असेल ते असो; निरक्षर दंडितही शिकवला तर शिकतो, हा अनुभव मात्र सर्वांनी घेण्याजोगा आहे.

१९३० नंतरच्या सत्याग्रहांत तुरुंग सुशिक्षितांनी भरून गेले आणि शिक्षणाला एक निराळे वळण लागले. १९३२ मध्ये २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. पुढल्या वर्षी फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. विनोबांनी इंटरची परीक्षा सोडून विद्यापीठाला पाठ दाखविलेली, तर साने गुरुजी एम. ए. झालेले आणि अंमळनेरला शिक्षक म्हणून राबलेले. दोघांच्या हातून तुरुंगात जे घडले ते वर्गाचे काम होते. त्याला फक्त हजेरीपट आणि प्रमाणपत्र नव्हते. परंतु सत्याग्रही सुटले, देश स्वतंत्र झाला, आणि तुरुंगातील शिक्षक निघून गेले. मागे राहिलेल्या कैद्यांचे काय, हा प्रश्न स्वराज्यापुढे तसाच उभा राहिला.

त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न झालाच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुलांच्या बाबतीत तर तो फार पूर्वी सुरू झाला होता. अल्पवयीन गुन्हेगारांना हातव्यवसाय शिकवावा या हेतूने डेव्हिड ससून यांच्या नावाची औद्योगिक शाळा मुंबईत १८५७ साली, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेच्याच वर्षी, निघाली. १९२४ मध्ये मुंबई इलाख्याचा मुलांविषयीचा कायदा झाला आणि १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. तिचे मोठे बालगृह आमच्या उपनगरांतच, मानखुर्दला आहे. आणि टिळक-आगरकर ज्या डोंगरीच्या तुरुंगात होते तेथे पुढे मुलांचे निरीक्षणगृह आले. प्रौढ कैद्यांच्या बाबतीत औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत काढली. भिंतीवाचून आणि बेडीवाचून कैदी शेती करून राहू शकतात हे तिने दाखविले. ग. दि. माडगूळकरांच्या कथेवरून व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला, त्याचे मूळ या प्रयोगात आहे.

शास्त्रशुद्ध अभ्यासाची सुरुवातही उपनगरांतूनच झाली. १९३६ मध्ये नागपाड्यास निघालेली टाटा समाजविज्ञान संस्था मध्यंतरी अंधेरीस होती आणि १९५४ मध्ये देवनारच्या जागेत आली. १९५१–५२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे तज्ज्ञ डॉ. वॉल्टर रेक्लेस यांनी भारतीय तुरुंगांच्या कारभाराची पाहणी करून अहवाल दिला, आणि तुरुंगाधिकाऱ्यांना शिक्षणाची गरज आहे हा विचार त्यानंतर रुजू लागला. १९८० ते १९८३ या काळात न्यायमूर्ती मुल्ला यांच्या समितीने साऱ्या देशाच्या तुरुंगांचा विचार केला. तिनेही शिक्षणावर भर दिला. तात्पर्य, शिफारशींची उणीव आपल्याला कधीच नव्हती.

उणीव होती ती एका तत्त्वाच्या स्पष्टतेची, आणि ते तत्त्व एका मराठी पुस्तकाच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयात मांडले गेले. ही गोष्ट प्रत्येक मराठी वाचकाला माहीत असावयास हवी, पण ती वकिलांच्या ग्रंथांतच राहिली. कम्युनिस्ट चळवळीतील कार्यकर्ते प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांना भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध केले होते. तेथे त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ नावाचे मराठी पुस्तक लिहिले. त्यात राजकारण नव्हते. ते निखळ विज्ञानाचे पुस्तक होते. ते छापण्यासाठी बाहेर पाठविण्याची परवानगी त्यांनी मागितली आणि महाराष्ट्र सरकारने ती नाकारली. सरकारचे म्हणणे असे, की स्थानबद्धाला कोणत्या सवलती द्यावयाच्या ते नियमांत लिहिले आहे; पुस्तक बाहेर पाठविण्याची सवलत त्यांत लिहिलेली नाही, म्हणून ती नाही. मुंबई उच्च न्यायालयाने हे मानले नाही, आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६५ मध्ये न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी निकालात नेमकी उलट बाजू मांडली. नियम हे सवलतींची यादी नसून निर्बंधांची यादी आहेत; जे नियमाने स्पष्टपणे काढून घेतलेले नाही ते माणसाचेच राहते. सरकारचे अपील फेटाळले गेले.

आमच्या मते तुरुंगातील शिक्षणाचा सारा वाद या दोन वाक्यांत येतो. एक पक्ष म्हणतो, कैद्याजवळ काही नाही. आपण जे देऊ ते त्याचे. दुसरा पक्ष म्हणतो, न्यायालयाने त्याचे हिंडण्याफिरण्याचे स्वातंत्र्य घेतले. बाकीचे त्याचे त्याच्याजवळ आहे, आणि त्यात शिकण्याची शक्तीही आली. पहिला पक्ष धरला तर शिक्षण ही मेहेरबानी होते, आणि मेहेरबानी केव्हाही परत घेता येते. दक्षिण आफ्रिकेत नेल्सन मंडेला यांच्या आत्मचरित्राचे हस्तलिखित सापडले तेव्हा शिक्षा म्हणून त्यांची अभ्यासाची मुभाच चार वर्षे काढून घेण्यात आली होती. कायद्याची पदवी त्यांना पुढे १९८९ मध्ये, अजून बंदिवासात असतानाच मिळाली.

आपल्याकडे पदवीचा मार्ग खऱ्या अर्थाने उघडला तो मुक्त विद्यापीठांनी. नेहमीच्या महाविद्यालयाला विद्यार्थी दारात यावा लागतो, आणि कैद्याला नेमके तेवढेच जमत नाही. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे नाशिकच्या विद्यापीठाचे ब्रीद. शाळा अर्धवट सुटलेल्या प्रौढालाही पूर्वतयारीचा अभ्यास करून पदवीकडे जाता यावे अशी सोय त्याने केली, आणि तुरुंगात अशा माणसांचाच भरणा अधिक. १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र निघाले. महाराष्ट्रात येरवडा, नागपूर, नाशिक येथील कारागृहांत मुक्त विद्यापीठांची केंद्रे आली. पुढे बंद्यांना शुल्काची माफी मिळाली. महाराष्ट्रात परीक्षा उत्तीर्ण होऊन शिक्षणक्रम पूर्ण करणाऱ्या शिक्षाबंद्याला ९० दिवसांची विशेष माफीही देण्यात येऊ लागली. अभ्यास करणाऱ्याला तीन महिने आधी घरी जाता यावे, यात आम्हाला काही गैर दिसत नाही. चांगल्या कामाबद्दल माफी ही तुरुंगाची जुनीच रीत आहे. अभ्यासाला कामाची प्रतिष्ठा मिळाली, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु या व्यवस्थेत एक मोठे छिद्र आहे. माफी मिळते ती शिक्षा झालेल्या ‘पक्क्या’ कैद्याला. ज्याचा खटला चालू आहे त्या ‘कच्च्या’ कैद्याला शिक्षाच झालेली नाही, मग माफी कशातून देणार? आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांप्रमाणे देशाच्या तुरुंगांतील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे शंभरांत जवळजवळ शहात्तर, कच्चेच होते. सर्व बंद्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा निरक्षर होता. आमच्या उपनगरांतून पकडला गेलेला वीस-बावीस वर्षांचा मुलगा ठाण्यास किंवा तळोज्यास जातो तो असाच कच्चा कैदी म्हणून जातो. तारीख पुढे जाते, सत्र बुडते, परीक्षेचा अर्ज राहून जातो. तो आज सुटेल, उद्या सुटेल या आशेवर त्याचे नाव कोठल्याही वर्गात घातले जात नाही. शेवटी निर्दोष सुटला तरी गेलेली वर्षे त्याला कोणी देत नाही. ज्याचा अपराध सिद्ध झाला त्याला अभ्यासाची केंद्रे, आणि ज्याचा सिद्ध झालेला नाही त्याने नुसते बसून राहावे, हा न्याय विचित्र म्हणावा लागेल.

हा प्रश्न आता न्यायालयांपुढे येऊ लागला आहे. २०२४ च्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने तळोजा कारागृहातील एका कच्च्या कैद्याला मुंबईच्या सिद्धार्थ विधि महाविद्यालयात प्रवेश घेण्याची मुभा दिली. प्रवेशपरीक्षेत त्याने जागा मिळविली होती. तुरुंगात आहे एवढ्याच कारणाने ती नाकारणे हा मूलभूत हक्काचा भंग होईल, असे न्यायालयाचे मत पडले. मात्र हजेरीच्या नियमातून त्याला सूट दिलेली नाही. म्हणजे दार उघडले, पण उंबरठा आहे तेथेच आहे. हे महाविद्यालय डॉ. आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे, १९५६ मध्ये निघालेले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या विद्येच्या बाहेर ठेवले त्यांच्यासाठी ती सोसायटी निघाली होती. तिच्या एका महाविद्यालयाच्या नावाने हा निकाल व्हावा, हे त्या परंपरेला शोभणारेच झाले.

आता जो आक्षेप प्रत्येक सभेत निघतो त्याचा विचार केला पाहिजे. मुलुंडचा किंवा बोरिवलीचा एक कारकून म्हणतो, “माझ्या मुलाच्या फीसाठी मी कर्ज काढतो, आणि ज्याने दुसऱ्याचे घर फोडले त्याला पदवी फुकट?” हा प्रश्न दुष्टपणाचा नाही, त्यात कष्टाळू माणसाचे दुःख आहे, आणि ज्याचे घर फुटले त्याचेही दुःख आहे. त्याला उत्तर देताना कैद्याची दया येऊ द्या, असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही एवढेच म्हणू, की मुक्त विद्यापीठातील कैद्याच्या जागेमुळे कारकुनाच्या मुलाची जागा जात नाही. आणि त्या मुलाची फी परवडण्याजोगी नसेल तर तो दोष फी ठरविणाऱ्यांचा आहे, कैद्याचा नव्हे. कैद्याचे पुस्तक काढून घेतल्याने त्या बापाचे कर्ज एका रुपयानेही कमी होणार नाही.

अमेरिकेने हा प्रयोग दोन्ही बाजूंनी करून पाहिला आहे. तेथे गरीब विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी शिष्यवृत्ती कैद्यांनाही मिळत असे. १९९४ मध्ये, याच कारकुनाच्या तोंडच्या युक्तिवादाने, ती कायद्याने बंद झाली, आणि तुरुंगांतील बहुतेक महाविद्यालयीन वर्ग पाहता पाहता मिटले. पुढे २०१३ मध्ये रँड या संशोधनसंस्थेने अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा तुरुंगात शिक्षण घेतलेल्यांच्या बाबतीत पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचा संभव ४३ टक्क्यांनी कमी दिसला. शिक्षणावरील एका डॉलरमागे पुढील तीन वर्षांत तुरुंगाच्या खर्चाचे चार-पाच डॉलर वाचतात असाही हिशेब निघाला. जो आधीच सुधारू पाहतो तोच वर्गात बसतो, ही शंका अशा आकड्यांबाबत घेतली पाहिजे, आणि ती आम्हीही घेतो. पण तशी शंका घेतल्यावरही शिक्षणाने अपाय झाल्याचे कोणी दाखविलेले नाही. जुलै २०२३ पासून ती शिष्यवृत्ती कैद्यांना पुन्हा खुली झाली. जवळजवळ तीस वर्षांनी एक मोठा देश आपला निर्णय फिरवितो, तेव्हा त्याची किंमत मधल्या तीस वर्षांतील माणसांनी दिलेली असते. आपण ती पुन्हा देण्याचे कारण नाही.

शेवटी सुटलेल्या माणसाविषयी. पदवी हाती असली तरी नोकरीच्या अर्जावर पूर्वीच्या शिक्षेचा रकाना असतो, पोलिसांचा दाखला असतो, आणि या दोहोंपुढे पदवीचा कागद पुष्कळदा निरुपयोगी होतो. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ या प्रकल्पाने १९९० पासून तुरुंगांत आणि सुटलेल्यांमध्ये जे काम चालविले आहे ते याच ठिकाणी मोलाचे ठरते: वकिलाची गाठ घालून देणे, घरच्यांशी तुटलेला संबंध जोडणे, कामाचे शिक्षण आणि काम मिळवून देणे. पण देवनारची एक संस्था साऱ्या उपनगरांना पुरी पडणार नाही. आमच्या उपनगरांत महाविद्यालये आहेत, वाचनालये आहेत, आणि निवृत्त प्राध्यापकांची तर मुळीच वाण नाही. मुलुंडहून ठाणे एका स्टेशनावर आहे. महाविद्यालयांनी खटला चालू असलेल्या विद्यार्थ्याचे नाव पटावरून काढण्याऐवजी त्याचा परीक्षेचा अर्ज तुरुंगात पोहोचविण्याची तजवीज केली, वाचनालयांनी वर्षातून एकदा जादा प्रती किल्ल्यात पाठविल्या, निवृत्त शिक्षकांपैकी काहींनी परवानगी काढून आठवड्याचा एक तास तेथे दिला, आणि सुटून आलेल्या मुलाला प्रवेशाच्या खिडकीवर त्याच्या गुणांपलीकडे काही विचारले गेले नाही, तर यासाठी कोणताही नवा कायदा लागणार नाही.

साने गुरुजी नाशिकच्या तुरुंगात लिहीत होते तेव्हा ते सरकारच्या दृष्टीने एक कैदी होते. आगरकर डोंगरीला ‘हॅम्लेट’ घेऊन बसले तेव्हाही तसेच. आज ठाण्याच्या किल्ल्यात कोण काय वाचीत बसला आहे, किंवा वाचू इच्छितो पण पुस्तक मिळत नाही म्हणून नुसता बसला आहे, हे आपल्याला बाहेरून दिसत नाही. ते पाहावयाचे असेल तर एक स्टेशन पुढे उतरले पाहिजे.